सावडीची पोरं

खोडाळ्याच्या बाजारात बैलगाडीतून उतरलो आणि राबाचा वास आला. पाला, शेणी, वाळल्या फांद्या शेतात पसरून भाजतात, आणि विझल्यावर त्या काळ्या राखेवर संध्याकाळची ओल बसते, तेव्हाचा वास. धूर केव्हाच गेलेला असतो, वास मात्र दोन-चार दिवस मातीतच मुक्काम करतो. समोरच्या उतारावर काळे चौकोन दिसत होते. भाताचं, नागलीचं रोप पुढे याच चौकोनांत उगवायचं, आणि इथून उपटून शेतभर लावलं जायचं. मी बराच वेळ गाडीच्या चाकाला टेकून उभा राहिलो. गाडीवान म्हणाला, "बाबा, बरं वाटत नाय का?" मी म्हटलं, "बरं वाटतंय."

तरुणपणी या वाटेने मी तट्टावरून यायचो. डोक्याला पागोटं, पायांत करकरणारे बूट, मागे शिपाई आणि त्याच्या डोक्यावर पत्र्याची पेटी. जव्हार संस्थानातल्या शाळा तपासायचं माझं काम होतं. लोक मला दिपोटी म्हणत, म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर. खरा दिपोटी मी नव्हतोच. माझ्या वर रावसाहेब होते, मी त्यांच्या हाताखालचा, नवा, अजून कायम न झालेला. पण डोंगरात एवढं कोण बघतो? जो तट्टावरून येतो तो दिपोटी.

आता पन्नाशी उलटली. मी फार बोलणारा माणूस नाही. घरच्यांना वाटतं, याचा स्वभावच असा. काही अंशी असेलही. पण बऱ्याच अंशी ते एका न बोललेल्या वाक्यामुळे आहे. त्या वाक्यावर एका मास्तरांची नोकरी टिकायची की जायची हे ठरणार होतं. ते मी बोललो नाही, आणि त्यानंतर माझी इतर वाक्यंही हळूहळू आटत गेली. ते वाक्य बोलायला म्हणून मी एवढ्या वर्षांनी या वाटेला लागलो होतो. ज्यांच्यासाठी बोलायचं ते मास्तर आता नाहीत, हे ठाऊक असूनही.

दौरे सुरू व्हायचे दसऱ्यानंतर. जव्हारला दसऱ्याचा दरबार भरे, डोंगरातून ढोल घेऊन माणसं येत, दोन दिवस गावाला गावपण राहत नसे. नुसती गर्दी, झेंडूचा वास आणि भाताच्या पेंढ्यावर झोपलेली पोरं. तो आवाज ओसरला की आम्ही निघायचो. उतारांवर खुरासणी पिवळी झालेली असे. इतकी पिवळी, की तट्टूसुद्धा थबकायचं. शिपाई म्हणे, "साहेब, याला फुलं बघायचीत. तुमच्यापेक्षा रसिक आहे." मग मार्गशीर्षात खळ्यांवर नागली मळायचे आवाज. सकाळचं धुकं दरीत दुधासारखं साचलेलं, आणि त्याच्या तळातून कुठूनतरी पाढे ऐकू यायचे. बे एके बे, बे दुणे चार. शाळा दिसत नसे, पाढे दिसायचे म्हणाना. त्या आवाजाचा माग काढत आम्ही उतरायचो. शिपाई म्हणायचा, हा साकुऱ्याकडचा आवाज नव्हे, हे वावर गावाच्या अंगाचे पाढे, तिकडची पोरं 'बारा'वर जोर देतात. खरं-खोटं देव जाणे.

शाळा म्हणजे कुडाची एक खोली. कारवीच्या काठ्यांना शेणमाती थापलेली, वर पेंढ्याचं छप्पर. आत शिरलं की आधी ओल्या पाट्यांचा वास, मग शेणाच्या जमिनीचा, मग पोरांच्या केसांतल्या मोहाच्या तेलाचा. अजूनही पाटी पुसली की हे तिन्ही वास त्याच क्रमाने येतात.

आणि नियम. नियमांनाही एक वास होता, नव्या छापील कागदाचा. परीक्षेच्या दिवशी पटावरच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक हजर पाहिजेत. हजर असतील त्यांतली इतकी उत्तीर्ण पाहिजेत. त्यावरून मास्तरांचा शेरा ठरे. शेऱ्यावर मास्तर कायम होणार की हंगामी राहणार, की घरी जाणार, तेही ठरे. शाळा त्या पाड्यावर राहणार की दुसरीकडे हलणार, तेसुद्धा त्यातच आलं. तपासणी संपेपर्यंत मास्तरांनी स्वतःहून काही बोलायचं नाही, हाही एक नियम. आणि मास्तरांना तपासणारा मी, मलाही कुणी तपासत होतं. रावसाहेब माझे शेरे वाचून ओठ मुडपायचे. "गोडवा फार आहे तुमच्या लिहिण्यात. पेढे वाटायला पाठवतो का मी तुम्हाला?" असं ते एकदा सगळ्या कारकुनांसमोर म्हणाले होते. कारकून हसले. मीही हसलो.

ज्या पाड्याचं सांगतोय त्याचं नाव लिहीत नाही. ओढ्याच्या काठी होता म्हणून त्याला खालचा पाडा म्हणू. त्याच्यासमोर टेकडीवर दुसरा पाडा, तो टेपाचा. मधे ओढा आणि एक चढ. शाळा खालच्या पाड्यावर होती आणि तिथले मास्तर होते मोरेश्वर मास्तर. किनाऱ्याकडचे. मूर्ती लहान, आवाज फाटका, पण कविता गाताना डोळे मिटून हात वर न्यायचे. मासळीवाचून जेवण घशाखाली उतरत नसे, म्हणून सुके बोंबील शाळेच्याच आढ्याला टांगलेले असत, आणि त्या शाळेतली पोरं लांबूनही ओळखू यायची. ते काही नावाजलेले शिक्षक नव्हते. दुपारी जेवले की बसल्या जागी पेंगायचे. पोरं त्यांना उठवत नसत, चिडीचूप पाट्यांवर रेघोट्या ओढत बसत. एकदा मी अशा वेळीच दारात उभा राहिलो, तर एका पोराने ओठांवर बोट ठेवून मलाच गप्प केलं.

पण त्या शाळेत पोरं यायची. धाकटं भावंड कडेवर घेऊन यायची, बकरी दाराला बांधून यायची. मास्तर बकरीचंही नाव विचारायचे. दोन-तीन वर्षं ते हंगामीच होते. आधीच्या फेरीत मला ओढ्यापर्यंत पोचवायला आले तेव्हा म्हणाले, "साहेब, यंदा कायम झालो तर मंडळींना इकडे आणीन म्हणतो. तिने डोंगर पाहिलेला नाही. मी पत्रातून सांगतो, पण पत्रात डोंगर मावतो का?" मी म्हटलं, "व्हाल की." सहज म्हटलं. ते मात्र ते शब्द जपून घेऊन गेल्यासारखे वळले.

परीक्षेचा दिवस पौषातला. भाताची झोडणी झाली की त्या बाजूची निम्मी माणसं गवत कापायला खाली उतरतात, वसईच्या अंगाला. बायका-पोरांसकट जातात, महिना-दोन महिने. चुली थंड, दारांना काट्या लावलेल्या. मला हे ठाऊक होतं. दौऱ्याची तारीख ठरवताना मी रावसाहेबांना तसं म्हणालोही होतो. ते म्हणाले, "गवताच्या सोयीने परीक्षा घ्यायची का?"

आम्ही पोचलो तेव्हा ऊन नुकतं कुडावर आलं होतं. शाळा गेरूने सारवलेली, भिंतीवर तांदळाच्या पिठाचे हाताचे ठसे, दाराला आंब्याचे टहाळे. मास्तर दारात. त्यांचा चेहरा मला विचित्र वाटला, हसू यावं की रडू असा. पुढे येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, एक सांगायचं होतं. आज सकाळी उठून बघतो तर..."

"तपासणीनंतर, मास्तर," मी म्हणालो. "नियम माहीत आहे ना?"

"हो, पण..."

"नंतर."

ते मागे सरले. हे त्यांचं अर्धं वाक्य लक्षात ठेवा. मी विसरू शकलो नाही.

खोली भरलेली होती. एवढी मुलं त्या शाळेत मी कधी पाहिली नव्हती. रांगेने मांडी घालून बसलेली, केस तेल लावून चापून बसवलेले, नजर थेट माझ्यावर. मी पट उघडून नावं घ्यायला लागलो. पहिली दोन-तीन पोरं ओळखीची होती. मग नाव आलं रावजीचं. पाड्याच्या कारभाऱ्याचा, लखमाबाबाचा तो नातू. तर एक पोरगी उठून उभी राहिली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "हाजीर!"

माझ्या शिपायाला हसू आवरेना. मी विचारलं, "तू रावजी?"

"नाय," ती म्हणाली. "रावजी गवताला गेला. मी सोनी. त्याच्या जागेवर हाय."

"म्हणजे?"

"टेपावरची. सावडीला आली."

तिच्या आवाजात लपवाछपवी नव्हती. उलट थोडा ताठा होता. एवढ्या लांबून, चढ उतरून, भल्या पहाटे आलेल्या माणसाचा असतो तसा. पुढचं नाव घेतलं, पुन्हा टेपावरचाच एक पोर उठला. त्याच्या पुढचंही तसंच. दारात लखमाबाबा बसला होता, हातात काठी, डोक्याला फडकं. मी त्याच्याकडे बघितलं.

तो उठला नाही. बसल्या बसल्याच म्हणाला, "साहेब, आमची पोरां गवताला गेली. तुझा काम अडाया नको. म्हून टेपावरून सावड मागितली. लावणीला मागतों तशी. आता त्यांचे काम पडंल तवां आमची पोरां जातील."

त्यांच्या बोलीत देवालाही 'तू' आणि दिपोटीलाही 'तू'. सावड म्हणजे काय ते मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. लावणीला एका पाड्याचे हात कमी पडले की शेजारच्या पाड्याचे हात येतात, उद्या यांचे त्यांच्याकडे जातात. ज्याच्या जागेवर उभं राहायचं त्याची ओळ पुरी करायची. आता दिपोटी येतो, इतकी माणसं लागतात, मोजतो, नाही पुरली तर मास्तरांचं नुकसान होतं. एवढं त्यांच्या कानावर आलेलं. मग हात कमी पडले तर आणायचे. यात त्यांना खोटं काय वाटावं? भाताच्या रोपाला कुठे कळतं, कोणाच्या हाताने लावलं ते.

मास्तर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी काही मागितलं नव्हतं. सकाळी दार उघडलं तर अंगणात ही सेना बसलेली. तेच ते मला सांगायला आले होते.

परीक्षा मी घेतली. खऱ्या पोरांनी बरी उत्तरं दिली. टेपावरच्या पोरांना पाट्या दिल्या तर त्यांनी त्या अंडं धरावं तशा दोन्ही हातांत धरल्या. त्यांतल्या बहुतेकांनी पाटी प्रथमच हातात घेतली होती. सोनीला म्हटलं, "काही म्हणून दाखव." तिने कविता म्हटली नाही, तिला येत नव्हती. लावणीचं गाणं म्हटलं, सगळं, शेवटपर्यंत, आणि खाली बसली. दुपारी मी त्यांना म्हटलं, "जा आता घरी." कुणी हललं नाही. लखमाबाबा म्हणाला, "दिस मावळल्याबिगर सावड पुरी होत नाय." मग ती पोरं संध्याकाळपर्यंत हाताची घडी घालून बसून राहिली. मधेच एखादं पेंगायचं, शेजारचं त्याला कोपर मारायचं. बाहेर बकऱ्या ओरडत होत्या.

मी लखमाबाबाच्या ओट्यावर जेवलो. नागलीची गरम भाकर, उडदाची आमटी, तव्यावर परतलेली मिरची. जेवताना मलाही हसू फुटलं. मास्तरांना म्हटलं, "अहो, इतकी वर्षं शाळा चालल्या, असं कुणी पाहिलं नसेल!" मास्तरही हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "साहेब, तुम्ही समजलात. आता मला काळजी नाही." निघताना त्यांनी कागदात गुंडाळून दोन बोंबील दिले. तट्टावर बसल्यावरही त्या दिवसाचं ऊन माझ्या पाठीवर होतं. सुखी होतो मी.

जव्हारला येऊन शेरा लिहायला बसलो, आणि लिहिलं की मास्तरांनी बाहेरची मुले आणून हजेरी फुगवली.

का लिहिलं, ते विचारू नका. मीही स्वतःला विचारायचं सोडलंय. काही सांगू लागलो तर ती कारणं होतील, आणि कारणं सांगितली की माणसाला आपण निम्मे सुटल्यासारखं वाटतं. मला तसं सुटायचं नाही. एवढंच सांगतो, की 'मास्तरांनी' हा शब्द लिहिताना टाक क्षणभर दौतीपाशी थांबला होता. त्या जागी 'ग्रामस्थांनी' लिहिता आलं असतं. 'समजुतीने' लिहिता आलं असतं. नियमाप्रमाणे शेरा तेव्हाही वाईटच पडला असता. पण माणूस वाचला असता.

पुढे मास्तरांना जव्हारला बोलावलं. कचेरीची ती खोली मला दिसते. उंच खिडकी, तिच्यातून येणारा उन्हाचा पट्टा, भिंतीवर महाराजांची तसबीर, लाखेचा वास. मास्तर धुतलेलं उपरणं घालून आले होते. त्याला कडक घड्या पडलेल्या, कुणाकडून तरी मागून आणल्यासारख्या. रावसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते निर्दय नव्हते. म्हणाले, "मास्तर म्हणतात, त्यांना आधी ठाऊक नव्हतं. त्यांनी तुम्हाला सांगायचाही प्रयत्न केला." मग माझ्याकडे वळले. "तुम्ही तिथे होतात. काय ते सांगा. ठाऊक होतं काय यांना?"

मास्तर माझ्याकडे बघत होते. निर्धास्त. आता हे बोलतील, अशा खात्रीने.

एकच वाक्य होतं. 'नाही, रावसाहेब, यांना ठाऊक नव्हतं, आणि हे सांगायला आले तेव्हा मीच यांना गप्प केलं.'

मी म्हणालो, "शाळा त्यांची आहे, साहेब."

बस्स. यात खोटं काहीच नाही. शाळा त्यांचीच होती. पण रावसाहेबांनी मान हलवली आणि कागद उलटा केला. मास्तर आणखी काही क्षण माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता त्या नजरेत. वर्गात एखाद्या पोराला उत्तर येत असतं आणि तोंडातून निघत नाही, तेव्हा मास्तर जसे थोडं थांबतात, धीर देतात, तसे ते थांबले. मग त्यांनी दोघांना नमस्कार केला आणि बाहेर पडले. जिन्यावर त्यांच्या वहाणांचा आवाज मी खालपर्यंत ऐकला.

रावसाहेब म्हणाले, "आता कुठे तुम्हाला तपासणी जमायला लागली."

त्या वर्षी मी कायम झालो.

मास्तर किनाऱ्याला परत गेले. कुणा व्यापाऱ्याकडे लिहिण्याचं काम करतात असं शिपायाने सांगितलं, आणि काही वर्षांनी वारल्याचंही त्यानेच सांगितलं. त्यांच्या मंडळींनी डोंगर पाहिला नाही. शाळा मोठ्या गावाकडे हलवली. मी पुढे कितीतरी शाळा तपासल्या, शेरे लिहिले, काही चांगलेही लिहिले. त्या पाड्यावरून मात्र गेलो नाही. वाट वाकडी करायचो. शिपाई समजून होता, तो तट्टू आधीच दुसरीकडे वळवायचा.

आणि आता मी तिथे उभा होतो. ओढा तसाच, दगडांवरून पाणी उतरतानाचा आवाज तसाच. शाळेच्या जागी नुसता जोता उरलेला, त्यावर मोहाची फुलं वाळत घातलेली. गोड, आंबूस वास. पलीकडच्या घराच्या ओट्यावर माझ्याहून बराच लहान, पण केस पांढरे होऊ लागलेला एक माणूस इरलं विणत बसला होता. बांबूच्या कामट्यांत पळसाची पानं दाबून बसवत होता.

"कोणाकडं आलास?" त्याने मान वर न करता विचारलं.

"इथे शाळा होती ना?"

"होती. बुडाली."

"कशी?"

"सावडीनं." त्याने एक पान दाताने तोडलं. "आमी गवताला गेलेलो. आज्यानं टेपावरून पोरां मागवली दिपोट्यासाठी. टेपावाल्यांनी कामाची पोरां घरी ठेवली न् वायट धाडली. साहेबानं तसा लिवला. शाळा गेली, मास्तर गेला."

तो रावजी होता. मी नाव विचारलं नाही, तरी कळलं.

"कोण म्हणालं वाईट धाडली?"

"आजा बोलं. समदेच बोलत. नायतर साहेब कसा रागावला? तवांपासून त्यांची आमची सावड बंद. ते येत नाय, आमी जात नाय. लावणी आपापली. रोप पिवळा पडतो, हात पुरत नाय, तरी नाय. पोरगीबी देत नाय एकमेकांत."

मी आजवर एकाच माणसाचा हिशेब मनाशी बाळगला होता. ओढ्याच्या दोन्ही काठांना इतके पावसाळे माझं ते वाक्य उभं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

"मास्तरांनी काही सांगितलं नाही?"

"सांगितला तर. जाताना दोनी पाड्यांवर फिरला. कोणाचा गुन्हा नाय बोलला. पण मास्तर आमचाच. टेपावाले बोलले, तुमची बाजू घेतो. आमी बोललो, त्यांची. साहेब बोलला असता तर गोष्ट येगळी."

साहेब. मी त्याच्यासमोर ओट्याच्या कडेवर बसलो. किती वर्षं मनात घोळवलेलं वाक्य, पण बाहेर आलं ते तुकड्यांत. मी तो साहेब. तुमची चूक नव्हती. टेपावाल्यांचीही नव्हती. मास्तर मला सांगायला आले होते, मी गप्प केलं. पुढे कचेरीत मला विचारलं, आणि मी सांगितलं नाही.

रावजीचे हात विणता विणता थांबले.

"तवां का नाय बोललास?"

"भ्यालो."

"कोणाला?"

रावसाहेबांना म्हणावं, तर ते मला खाणार नव्हते. रावजीने ते सोडून दिलं. अर्धं इरलं भिंतीला टेकवून उभा राहिला, कोयता कमरेच्या आकड्याला अडकवला.

"चल," म्हणाला.

"कुठे?"

"टेपावर. माझ्यापाशी बोलून काय होल? तिथं बोल. पाऊस तोंडावर आला, मंग लावणी."

चढ पूर्वीएवढाच असेल, मला मात्र दोनदा बसावं लागलं. रावजी पुढे जाऊन थांबायचा. एकदा म्हणाला, "तट्टू कुठं तुझा?" आणि स्वतःच हसला, थोडंसं. पायांखाली करवंदांची वाळलेली पानं वाजत होती. एका वळणावर त्याने सांगितलं, की या वाटेने तो लहानपणानंतर आज चढतोय. वाट मोडलेली होती हे खरं, काही ठिकाणी त्याला कोयत्याने फांद्या तोडाव्या लागल्या.

टेपावर कुत्री अंगावर आली. मग बायका दारांत आल्या, रावजीला बघून कुजबुजल्या. आंब्याखाली एक म्हातारा खाटेवर बसला होता. देवजी त्याचं नाव. त्या पहाटे पोरांना चढ उतरवून ओढ्यापर्यंत आणणारा तोच. सोनी त्याची भाची, लग्न होऊन कुठे लांब गेलेली. देवजीच्या डोळ्यांवर आता मोतीबिंदूचा पडदा आला होता. त्याने तोंड आवाजाच्या दिशेने फिरवलं.

"कोण?"

"खालचा. रावजी."

मग रावजीने मला पुढे केलं. "हा तो साहेब हाय. त्याला बोलायचा हाय."

माणसं जमली. कुणी बसलं, कुणी उभं. मी उभा राहिलो. सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी सलग, पहिल्यापासून. मास्तरांचं अर्धं वाक्य, माझं 'नंतर', कचेरी, उन्हाचा पट्टा, 'शाळा त्यांची आहे'. संपलं तेव्हा एक म्हातारी पदर तोंडाला लावून म्हणाली, "मास्तर बापडा." कुणी मला शिवी दिली नाही, कुणी पाणीही विचारलं नाही.

देवजी खाटेच्या सुंभावरून बोटं फिरवत होता.

"साहेब," तो म्हणाला, "एक विचारू?"

"विचारा."

"आमची पोरां कशी होती त्या दिशी?"

आयुष्यभर मी हेच काम केलं. मुलं कशी आहेत ते बघायचं आणि सांगायचं. पण या प्रश्नाला कागदावरच्या कुठल्याच रकान्यातलं उत्तर चालणार नव्हतं. त्याला अक्षर, पाढे, वाचन विचारायचं नव्हतं. सावडीला गेलेल्या हातांबद्दल जे विचारतात, तेच तो विचारत होता.

"चांगली होती," मी म्हणालो. "वेळेवर आली. ज्याच्या जागेवर बसवली त्याच्या जागेवर बसली. मी जा म्हटलं तरी गेली नाहीत. दिवस मावळेपर्यंत थांबली."

देवजीने मान हलवली. एकदाच, हळू. त्याच्या मागे उभ्या असलेल्या बायकांतून सुस्कारा निघाला की वारा होता, कळलं नाही.

मग तो रावजीकडे वळला. त्याला तो दिसत नव्हता, तरी तोंड बरोबर त्याच्याच बाजूला होतं.

"रोप टाकला का रे?"

"पेरायचा हाय."

"खाचरां किती या साली?"

रावजी सांगू लागला. ओढ्याकाठचं खाचर, मधलं, वरची नागली. देवजी सावडीचे हात बोटांवर मोजत होता, कोण येईल, कोण नाही, कुणाची सून बाळंत आहे. एक तरुण पोरगा मधेच म्हणाला, "मी जातों." दुसरा म्हणाला, "तू? तुला वाकाया येतो का?" हशा पिकला. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मी आंब्याच्या मुळीवर खाली बसलो आणि ऐकत राहिलो.